चार बादल्यांतले मोटारस्नान

खंडेनवमीची सकाळ उजाडली की आमच्या धारवाडच्या माळमड्डीत जवळजवळ प्रत्येक फाटकासमोर एकच दृश्य दिसू लागते. मोटारी, स्कूटरी, मुलांच्या सायकली रांगेने उभ्या असतात. कुणाच्या हातात रबरी नळी, कुणाच्या हातात फडके, आणि कडेच्या गटारातून साबणाचा फेस वाहत असतो. स्नान आटोपले की गंध, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पुढल्या बाजूस बांधलेल्या बाळकेळी, चाकांखाली लिंबे आणि शेवटी ओवाळून फोडलेला कोहळा. पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात नांदलेल्या आपल्या मराठी घरांत खंडेनवमी आणि आयुधपूजा यांची सोयरीक केव्हाच जुळून गेली आहे. वर्षभर जिने आपल्याला बाजारात, दवाखान्यात आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला नेऊन आणले, तिच्याविषयी एक दिवस कृतज्ञता व्यक्त करावी, यात गैर ते काय?

तथापि, याच दिवशी आपण मोटारीच्या रंगाला सर्वांत अधिक जखमा करतो, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. हे विधान मी पुस्तकी ज्ञानावरून करीत नाही. माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या प्रमादावरून करीत आहे.

एका उत्साही धुण्याची कथा

निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने मी एक गडद निळी मोटार घेतली. पहिलीच खंडेनवमी आली. त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आले, त्यामुळे धुण्यास आरंभ झाला तोच मुळी भर दुपारी. आश्विनातले ऊन मी म्हणत होते, बॉनेटवर हात ठेववत नव्हता. एका बादलीत कपडे धुण्याची पूड मूठभर टाकली, जुन्या बनियनचा बोळा घेतला आणि सपाटून घासायला सुरुवात केली. चाके घासली, त्याच बोळ्याने दारे घासली, आणि बोळा एकदा अंगणात पडला तेव्हा तो तसाच उचलून पुढे चालू ठेवला. साबणाचे पाणी तापलेल्या पत्र्यावर पुरते ओघळण्याआधीच सुकत होते, म्हणून आणखी जोर लावला. दुसऱ्या दिवशी बॉनेटवरचे वाळलेले कुंकू आणि गंध कोरड्याच फडक्याने पुसून काढले. सौभाग्यवतीने "अहो, जरा हळू," म्हणून सुचवले होते. परंतु मोटारीच्या बाबतीत पुरुष कुणाचे ऐकतो?

त्या संध्याकाळी तिरपी उन्हे मोटारीवर पडली आणि माझ्या छातीत धस्स झाले. निळ्या रंगात उमटलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणावे तसे सहस्रावधी बारीक ओरखडे गोल गोल चमकत होते. दारांच्या खालच्या भागावर तर नखाला लागतील असे चार-दोन चरे होते.

मोटार हुबळीस एका वृद्ध रंगारी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेटवर रंगाची जाडी मोजणारे एक लहानसे यंत्र टेकवले, आकडा पाहिला आणि विचारले, "सर, गाडी तुम्ही स्वतःच धुता वाटतं?" मी काहीशा अभिमानाने "हो" म्हणालो.

"तरीच," ते म्हणाले. "मशीननं घासून चकाकी आणून देतो. पण दर वेळी वरचा थोडा थर जातो, बघा. हे दोन-तीनदा जमेल. पुढं पुन्हा रंगवावी लागेल, आणि तो रंग काही कारखान्यासारखा बसत नाही."

हा थर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम नीट समजले.

रंग किती जाड असतो?

आजच्या मोटारीचा रंग एकाच थराचा नसतो. उघड्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसवतात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारे अस्तर येते, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. हे सगळे मिळून साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन होतात; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरच्या पारदर्शक थराच्या वाट्याला त्यांतले ३५ ते ५० मायक्रॉनच येतात, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका कागदाहूनही कमी. ऊन, पाऊस आणि धूळ यांना तोंड देण्याचे सारे काम याच पापुद्र्याला करायचे असते. तो झिजून गेला की खालचा रंग फिका पडू लागतो.

आमच्या वडिलांनी १९८१ साली एक जुनी प्रीमिअर पद्मिनी घेतली होती. घरात तिला सगळे 'फियाट'च म्हणत. तिच्या रंगावर असा पारदर्शक थर नव्हता. रोज सकाळी पिवळ्या फडक्याने ती पुसण्याचे काम माझ्याकडे असे, आणि दर वेळी फडक्याला थोडा हिरवा रंग लागे. आम्हाला वाटे, मळ निघतो आहे! काही वर्षांनी बॉनेटच्या कडांवर अस्तराचा करडा रंग दिसू लागला, तेव्हा दोष पावसाळ्याला देऊन आम्ही मोकळे झालो. आजच्या मोटारीत फडक्याला रंग लागत नाही, म्हणून झीज डोळ्यांना दिसत नाही, इतकाच फरक. पारदर्शक थर हे मुद्दल आहे. प्रत्येक निष्काळजी घासण्याने आणि ती खूण काढण्यासाठी केलेल्या प्रत्येक पॉलिशने आपण त्यातूनच खर्च करीत असतो.

धारवाडची धूळ

हा खर्च आपल्या प्रांतात अंमळ अधिकच होतो. धारवाड हे मलनाड आणि मैदान यांच्या उंबरठ्यावर वसलेले गाव. गावाच्या पश्चिम अंगास तांबडी माती, आणि हुबळी ओलांडून नवलगुंद-अण्णिगेरीकडे वळले की काळी, जिला कन्नडात एरेमण्णू म्हणतात. येथील खडक इतके प्राचीन की भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतील अशा खडकांच्या समूहाला 'धारवार' हेच नाव दिले, आणि ते जगाच्या शास्त्रग्रंथांत रूढ झाले. आपल्या गावाचा हा मान मोठा खरा. परंतु मोटारीवर बसते ती धूळ याच खडकांच्या चुऱ्याची.

तांबड्या मातीला रंग येतो तो लोहाच्या गंजामुळे. आपण तुळशीवृंदावनाला फासतो त्या कावेचा तोच घटक, आणि त्याची वस्त्रगाळ पूड सराफ सोने उजळण्यासाठी वापरतात. म्हणजे घासून झिजवण्याचा गुण तिच्या अंगीच आहे. शिवाय मातीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोपट्टीवर गारेचा अंक ७ आहे, सुरीच्या पोलादाचा साधारण साडेपाच आणि आपल्या नखाचा अडीच. मोटारीचा रंग यांपैकी गारेपुढे टिकाव धरील, हे संभवतच नाही. अशी धूळ बसलेल्या मोटारीवर कोरडे फडके किंवा पिसांची झटकणी फिरवणे म्हणजे बारीक पॉलिशपेपर फिरवणेच होय. मोटारीचे पुष्कळसे नुकसान धुण्यापेक्षाही या रोजच्या कोरड्या पुसण्याने होते. मोटार धुळीने माखलेली उभी राहिली तर रंगाचे काही बिघडत नाही. ती कोरडी पुसली तर बिघडते.

काळ्या मातीची तऱ्हा निराळी. ती ओली झाली की फुगते, चिकटते आणि पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात चाकांच्या वरच्या पोकळीत आणि दारांच्या खालच्या कडेला तिचे लिंपण बसते. ते आठवडेच्या आठवडे ओले राहिले की आतून गंज चढतो. पावसात गाडी आपोआप धुतली जाते, अशी समजूत असणाऱ्यांनी एकदा वाकून खाली पाहावे.

पाण्याचा हिशेब

धुवायची म्हटले की नळी हवीच, असे आपण धरून चालतो. एकदा मी आमच्या नळीखाली १५ लिटरची बादली ठेवून घड्याळ लावले. ती सव्वा मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. त्या खंडेनवमीला नळी चांगली २५ मिनिटे चालू होती. हिशेब केला तर ३०० लिटर! शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे आपल्या देशातील पाणीपुरवठ्याचे मानक सांगते. म्हणजे दोन माणसांचे दिवसाचे पाणी मी गटारात सोडले होते, आणि तेही मोटार बिघडवण्यासाठी.

आपल्या जुळ्या शहरांना हे पाणी सहज मिळत नाही. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभा अडवून केलेला रेणुकासागर आणि हुबळीच्या जवळचा नीरसागर, हे आपले आधार. आणि कमी पावसाच्या वर्षी नीरसागर तळ दाखवतो. २००८ साली दोन्ही शहरांतील काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा सगळ्यांना केवढे अप्रूप वाटले होते! कारण काही दिवसांआड येणारे पाणी पिंप, टाकी, घंघाळ आणि तांब्या-कळशांत भरून ठेवण्यात येथील गृहिणींच्या दोन पिढ्या गेल्या. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत टंचाई इतकी वाढली की तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास मनाई करून ५,००० रुपयांचा दंड ठेवला. आपल्याकडे कुणी दंड करो न करो, शेजारच्या घरी घागर रिकामी असताना आपल्या फाटकातून फेसाळ ओहोळ वाहावा, हे मनाला पटत नाही.

सुदैवाने, रंगाला जे हितकारक तेच पाण्यालाही हितकारक आहे. चार बादल्यांत, म्हणजे ६० लिटरांत, मध्यम आकाराची मोटार उत्तम धुता येते. मिस्त्रींनी सांगितले आणि नंतर मी पडताळून पाहिले, ते आता क्रमाने सांगतो.

धुण्याची रीत

वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यानंतरची असावी आणि जागा सावलीची. पत्र्यावर तळहात ठेवून पाहावा. तो गार लागला तरच पुढे जावे. तापलेल्या पत्र्यावर साबण आणि पाणी दोन्ही वाळून डाग पडतात.

पहिली बादली केवळ भिजवण्यासाठी. झाडांना पाणी घालण्याच्या झारीने किंवा तांब्याने टपापासून खाली सावकाश पाणी सोडावे आणि हात मुळीच लावू नये. धूळ भिजू द्यावी, दोन मिनिटे थांबावे, पुन्हा सोडावे. मोकळे कण आपल्या वजनाने ओघळून जातात. सगळ्या विधीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच आपण टाळतो. चाकांवरचा चिखलही याच वेळी भिजवून ठेवावा.

दुसरी आणि तिसरी बादली शेजारी शेजारी ठेवावी. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत स्वच्छ. साबण म्हणजे मोटारीसाठी मिळणारा सौम्य शांपू, बाटलीवर सांगितले असेल तितकाच. कपड्यांची वा भांड्यांची पूड क्षारयुक्त असते; ती रंगावरचे मेण ओढून नेते आणि काचांभोवतालचे रबर शुष्क करते. शांपू नसेल तर नुसते पाणी परवडले. घासण्यासाठी मायक्रोफायबरचा लांब लवांचा हातमोजा उत्तम, कारण त्याच्या लवांमध्ये कण आत ओढले जातात. तो नसेल तर धुवून धुवून मऊ झालेला जुना सुती पंचा चालेल. मात्र शिवण, गुंड्या व किनार काढून टाकावी.

मोजा साबणाच्या पाण्यात बुडवावा, एक भाग पुसावा, स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळबळून कण सोडावेत, आणि मगच पुन्हा साबणात बुडवावा. या बादलीच्या तळाशी प्लॅस्टिकची एखादी जुनी चाळण पालथी घालून ठेवली की खाली बसलेली वाळू पुन्हा मोज्याला लागत नाही. क्रम टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग, असा असावा. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल फिरवू नये. आणि भार मोज्याच्या वजनाइतकाच. एक भाग झाला की तो वाळण्यापूर्वी तांब्याभर पाणी सोडावे. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद समजावा. चाकांसाठी फडके निराळे, आणि त्यांची पाळी सर्वांत शेवटी.

चौथी बादली अखेरच्या धुण्याची. त्यानंतर मोठा, मऊ टॉवेल पत्र्यावर पसरून अलगद टिपून घ्यावे. लहान बाळाचे अंग आपण घासून पुसतो का? हे टिपणे आपल्याकडे टाळून चालत नाही. बोअरचे पाणी जड असते. बंबाच्या आत पांढरा थर धरणारा क्षार मोटारीवर थेंब वाळले की गोल डागांच्या रूपाने राहतो, आणि उन्हात घट्ट बसतो. ज्यांच्याकडे छपरावरचे पाणी साठवण्याची सोय आहे त्यांचे या बाबतीत भाग्यच, कारण पावसाचे पाणी मऊ असते. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरीची घाण सोडून दिली तरी पंधरा धुणी सहज होतील.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मोटारीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. पुढची धूळ सैल बसते. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने आणलेली चकाकी मात्र दोन दिवसांची. तिच्यावर धूळ अधिक चिकटते आणि रबर खराब होते.

काही विशेष डाग

आपल्या रस्त्यांवर चिंच, वड, कडुनिंब यांची सावली अजून आहे, आणि तिथे पक्षीही आहेत. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते आणि तिच्यात कणही असतात. ती उन्हात तापली की पारदर्शक थरावर ठसा राहतो, तेव्हा तिला खंडेनवमीपर्यंत थांबवू नये. ओला कागदी रुमाल तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि मऊ झाली की उचलून घ्यावी, घासू नये. झाडाच्या चिकालाही हाच उपचार.

पूजेच्या बाबतीत इतकेच की, कुंकू आणि गंध पत्र्यावर थेट न लावता विड्याचे पान ठेवून त्यावर लावावे. देवाला काही ते कमी पोचणार नाही! लागलेच तर भरपूर पाणी घालून भिजवून काढावे. हळदीचा पिवळा डाग राहिला तर घाबरू नये, उन्हाने तो हळूहळू उडतो. माळा दोऱ्यात ओवलेल्या असाव्यात, तारेत नव्हे, आणि संध्याकाळी आठवणीने सोडाव्यात.

पुसणारे हात

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. आता पुष्कळ घरांत, विशेषतः फ्लॅटांमध्ये, मोटार पुसण्यासाठी पहाटे कुणीतरी येते. एक बादली, एक फडके, आणि उजाडण्यापूर्वी आठ-दहा मोटारी. पहिल्या मोटारीची वाळू दहावीच्या अंगावर जाते. त्याला बोल लावणे सोपे आहे. परंतु रोज पुसलेली दिसली नाही तर महिना कापणारे आपणच असतो, आणि दुसरी बादली त्याला आपण कधी दिलेली नसते. आमच्याकडे येणाऱ्या मुलाला मी हे सारे समजावून सांगितले, दोन बादल्या आणि दोन मोजे आमच्या जिन्याखाली ठेवले, आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदाच, पण नीट, असे ठरवले. पगार तोच ठेवला. त्याने काही दिवसांनी विचारले, "सर, बाकीच्यांना पण सांगू का?" मी म्हटले, "अवश्य सांग." आता त्या ओळीतील आणखी दोन घरी अशीच व्यवस्था आहे.

निळ्या मोटारीचे ओरखडे मिस्त्रींनी एकदाच यंत्राने काढले; पुन्हा त्यांच्याकडे त्यासाठी जावे लागलेले नाही. गेल्या खंडेनवमीला सकाळी सातला, चिंचेच्या सावलीत, चार बादल्या ओळीने मांडून मी आणि तो मुलगा बसलो. फाटकाबाहेर फेसाचा ओहोळ गेला नाही. सौभाग्यवतीने पूजेचे तबक आणले, बॉनेटवर विड्याचे पान ठेवले, त्यावर कुंकू वाहिले आणि उरलेले अर्धे पिंप पाणी पाहून म्हणाली, "हे तेवढे तुळशीला आणि नारळाला घाला."